जुने स्पीकर घ्यावेत की नवे? गोव्याच्या हवेत किंमत आणि आवाज दोन्ही कसं तपासायचं

गोव्यात जुन्या स्पीकरांना तोटा नाही. बोटीवर गेलेले तारवटी, आखातात वीस-पंचवीस वर्षं काढलेली माणसं, सगळ्यांनी सुट्टीला येताना म्युझिक सिस्टीम आणलीच होती, आणि ७०-८०च्या दशकातले ते जपानी, इंग्लिश, अमेरिकन स्पीकर अजून कुणाच्या सोप्यात तर कुणाच्या माळ्यावर पडून आहेत. आता मोठी घरं बंद पडतायत, पोरं बाहेरगावी, मग ते विकायला निघतात. आणि जवळपास त्याच पैशात दुकानात नवी कोरी बुकशेल्फ, म्हणजे फळीवर मावेल अशी छोटी, जोडी मिळते, वॉरंटीसकट. मग काय घ्यायचं?

हे मला फोंड्यात आणि डिचोलीत ओळखीचे लोक सारखे विचारतात म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढते. माझं म्हणणं एवढंच की विकणारा सांगतो तो जुन्या जोडीचा अर्धाच भाव असतो, उरलेला अर्धा आपल्या हवेने आधीच खाल्लेला असतो आणि तो तुम्हाला भरायचाय, तो धरून हिशोब करा आणि मगच आवाजाची तुलना करा, तीही घरी, दोन्ही जोड्या सारख्या मोठ्या आवाजावर ठेवून. पहिल्यांदा मी यातलं काहीच केलं नव्हतं. एप्रिलमध्ये दहा इंची वूफरची, म्हणजे बेस वाजवणाऱ्या मोठ्या ड्रायव्हरची, सुंदर जोडी घेतली, पुढची जाळी, म्हणजे ग्रिल, काढून बघितलीसुद्धा नाही, आणि जुलैमध्ये एका दुपारी भजन लावलं तर वूफर फडफडायला लागला. ग्रिल काढली तर वूफरच्या पुढच्या शंकूच्या, म्हणजे कोनाच्या, भोवतीचा फोम चिवड्यासारखा खाली पडलेला.

आधी खोली आणि ॲम्प

स्पीकर बघायला जायच्या आधी घरात टेप घेऊन खोली मोजा. बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर, आणि दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये आवाज जिथे पहिल्यांदा घुमतो ती फ्रिक्वेन्सी काढायची तर ३४३ ला (आवाजाचा वेग, सेकंदाला मीटर) लांबीच्या दुपटीने भागायचं, म्हणजे इथे साधारण ४७ हर्ट्झ. दहा फुटाला ५६. सिमेंटच्या बंद फ्लॅटमध्ये बारा इंची जुना वूफर कोपऱ्यात ठेवला की नेमका तोच ४७ चा सूर फुगतो आणि तबल्याचा बायां नुसता गडगडतो, मग लोक म्हणतात जुने स्पीकर बूमी असतात. तसं नसतं, खोली बूमी असते. नव्या छोट्या जोडीचा बेस ५५-६० हर्ट्झच्या खाली कमी होत जातो म्हणून ती तिथे सुटसुटीत वाटते. उलट चिऱ्याच्या भिंतींच्या, उंच मंगलोरी कौलांच्या घरात सीलिंग नसेल तर बराच बेस कौलांतून बाहेर निघून जातो, तिथे मोठा वूफर मोकळा श्वास घेतो आणि छोटी नवी जोडी बारीक वाटते. मी एकच जोडी दोन्हीकडे ऐकलीय, ओळखू येत नव्हती.

दुसरं ॲम्प, म्हणजे स्पीकरला ताकद देणारा ॲम्प्लिफायर. ७०च्या दशकातले मोठे स्पीकर बऱ्याचदा १ वॉटला १ मीटरवर ९० डेसिबलच्या आसपास आवाज देतात, नव्या छोट्या बुकशेल्फची सेन्सिटिव्हिटी बहुतेक वेळा ८५-८६ असते. ४-५ डेसिबलचा फरक म्हणजे अडीच-तीनपट वॉट, म्हणजे जिथे जुन्याला १० वॉट पुरतात तिथे नव्याला २५-३० लागतात. सगळेच जुने असे नसतात हेही लक्षात ठेवा, बीबीसीचा प्रसिद्ध छोटा मॉनिटर स्पीकर एलएस३/५ए ८३च्या आसपासच आहे. पण घरात जुना वीस वॉटचा ॲम्प असेल आणि तुम्ही नवी जोडी घेताय तर नव्या ॲम्पचे पैसे त्या जोडीच्या किमतीत धरा.

बोटीवरून आलेल्या जपानी ॲम्पबद्दल एक गोष्ट. जपानमधली वीज १०० व्होल्ट, आपली २३०. तिथल्या बाजारासाठी बनवलेला ॲम्प थेट प्लगमध्ये घातला तर जळणार, स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. मागची पट्टी वाचा. स्पीकर पॅसिव्ह, म्हणजे आत ॲम्प नसलेले, असतील तर त्यांना व्होल्टेजशी देणंघेणं नाही.

जुनी जोडी बघायला जाताना

सोबत न्या: टॉर्च, स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर, १.५ व्होल्टचा एक सेल आणि दोन वायरी, फोनवर टोन जनरेटरचं (हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा सूर वाजवणारं) ॲप, पुठ्ठ्याची एक लांब नळी, आणि जमलं तर स्वतःचा छोटा ॲम्प. विकणाऱ्याच्या ॲम्पवर ऐकू नका, त्याचा बेस-ट्रेबल वाढवलेला असतो.

पहिलं काम ग्रिल काढायचं. विकणारा नको म्हणाला तर घरी परत या. कोनाच्या कडेला जी वळी असते ना, सराउंड, ती कशाची आहे ते बघा. सगळा भाव इथे ठरतो. फोम असेल तर बोटाच्या टोकाने अगदी हळू दाबा, चिकट लागला, चुरा आला, भेगा दिसल्या तर तो गेला समजा. हा पॉलियुरेथेन फोम असतो आणि हवेतल्या पाण्याच्या वाफेनेच त्याची साखळी तुटत जाते, वापरा किंवा न वापरा, कपाटात ठेवलेलासुद्धा सडतो. कोरड्या प्रदेशात तो जितका टिकतो तितका जून ते सप्टेंबर भिंतीला पाणी सुटणाऱ्या आपल्या गोव्यात टिकत नाही. रबर असेल तर दाबून सोडल्यावर परत यायला हवा, कडक झाला असेल तर बेस कमी होतो पण बहुतेक वेळा बरीच वर्षं चालतो. आणि लेप दिलेल्या कापडाच्या, हार्मोनियमच्या भात्यासारख्या घड्या असतील तर आनंद माना, त्या साठ वर्षांनंतरही ठीक असलेल्या मी बघितल्यात. माझा नियम असा की गोव्यात घेताना कापड पहिलं, रबर दुसरं, आणि फोम असेल तर रीफोमचे, म्हणजे नवा फोम बसवायचे, पैसे कापूनच भाव बोलायचा, फोम आज चांगला दिसत असला तरी.

मग कोन. दोन्ही हातांची बोटं मध्याभोवती सारखी ठेवून हलकेच आत ढकला आणि कान जवळ न्या. खरखर आली तर व्हॉइस कॉइल, म्हणजे कोनामागची तारेची गुंडाळी, घासतेय, म्हणजे कॉइल वाकडी झालीय किंवा कुणीतरी आपटल्यामुळे मॅग्नेट सरकलंय, आणि ते स्वस्तात होत नाही. ट्वीटरच्या (उंच, बारीक सूर वाजवणाऱ्या छोट्या ड्रायव्हरच्या) घुमटीला हात लावायचा नाही, ती आत गेली की गेली. यामाहाच्या १९७४च्या एनएस-१००० सारख्या जोडीत मिड (मधल्या सुरांचा ड्रायव्हर) आणि ट्वीटरचे घुमट बेरिलियमचे आहेत, त्याची धूळ फुप्फुसात गेली तर विषारी, म्हणून फुटलेला घुमट असेल तर जवळसुद्धा जाऊ नका.

मल्टिमीटरने मागच्या टर्मिनलवर रेझिस्टन्स मोजा. ८ ओहमच्या स्पीकरला साधारण साडेपाच ते सात, ४ ओहमला तीन-साडेतीनच्या आसपास येतं. पण यात ट्वीटर कळत नाही कारण त्याच्या आधी कपॅसिटर असतो आणि तो मीटरचा करंट अडवतो, म्हणून गाणं लावून पुठ्ठ्याची नळी एकेका ड्रायव्हरवर धरून दुसऱ्या टोकाला कान लावा, तिथे गप्प असेल तर तो मेलाय. मला आजवर सगळ्यात जास्त वाचवलंय ते या नळीने, कारण ट्वीटर बंद असलेला जुना स्पीकर लांबून "उबदार" ऐकू येतो आणि माणूस खुश होऊन पैसे देतो!

सेल टर्मिनलला क्षणभर टेकवा, प्लसला प्लस. दोन्ही वूफर एकाच दिशेने हलले पाहिजेत. बहुतेक स्पीकरांचा कोन बाहेर येतो, जुन्या जेबीएलचा आत जातो, ते त्यांच्याकडे तसंच होतं, घाबरू नका. पण एक आत आणि एक बाहेर म्हणजे मधे कुणीतरी उघडून वायर उलटी लावलीय. मग टोन जनरेटरवर ३०-४० हर्ट्झपासून २०० पर्यंत हळूहळू, कमी आवाजात न्या, कुठे झणझण आली तर थांबा, खोक्याची फळी सुटलीय का, वूफरचा स्क्रू ढिला आहे का, बघा. मागे किंवा पुढे ट्रेबल-मिडचे गोल खटके असतील तर ते वीस-तीस वेळा फिरवा, आत गंज असतो, बऱ्याचदा नुसत्या त्या गंजाने ट्वीटर बंद असतो आणि विकणाऱ्याला वाटतं जळला. हे तुम्हाला कळलं तर भावात फायदा तुमचा.

शेवटी खोका. खालची कड, मागची फळी, टॉर्च मारून बघा. पार्टिकल बोर्डाला ओल लागली की तो फुगतो आणि परत बसत नाही. वाळवीची माती दिसली तर ती जोडी गाडीत घालूसुद्धा नका, घरातलं बाकीचं लाकूड जाईल.

खरा भाव कसा काढायचा

आकडे मी मनाने घेतेय, पद्धत कळावी म्हणून. समजा जुन्या जोडीचे वीस हजार सांगतायत. फोम आहे, तर दोन वूफरचं रीफोम. क्रॉसओव्हरमध्ये (सूर वूफर आणि ट्वीटरमध्ये वाटणाऱ्या आतल्या सर्किटमध्ये) इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आहेत, तर ते बदलणं. स्प्रिंगचे क्लिप खाऱ्या हवेने हिरवे पडलेत, तर नवी टर्मिनल. गाडीभाडं. हे मिळून आठ-नऊ हजार झाले तर तुमची जोडी अठ्ठावीस-एकोणतीस हजारांची आहे, वीसची नाही. आता तिच्यासमोर तीस हजारांची नवी जोडी ठेवा, पण तिला जास्त वॉटचा ॲम्प लागत असेल तर तेही जोडा, स्टँड लागत असतील तर तेही. मग परत विकताना काय येईल ते. नव्या जोडीची किंमत खोका उघडल्यादिवशीच उतरते, चालू स्थितीतली नावाजलेली जुनी जोडी मात्र जवळजवळ घेतलेल्या भावाला जाते. बिननावाची जुनी जोडी कुणी घेत नाही, ती फक्त ऐकायला घ्यायची.

आणखी एक बाजू आहे. जुन्या दिसण्याला आता नव्यानेसुद्धा मोल आलंय. जेबीएलने १९७०च्या एल१०० ची आठवण म्हणून २०१८ मध्ये एल१०० क्लासिक काढला तो जोडीला सुमारे ४,००० डॉलरला, व्हार्फडेलनेही लिंटन हे जुनं नाव २०१९ मध्ये परत आणलं. या जोड्यांत आतलं सगळं आजचं आहे, म्हणून त्यांचा भाव बघून माळ्यावरच्या मूळ जोडीला तेवढी किंमत सांगणाऱ्याचं ऐकू नका.

घरी तुलना: हे नीट केलं नाही तर सगळं फुकट

शक्य असेल तर जुनी जोडी दोन दिवस घरी आणा आणि मित्राची नवी जोडी उसनी घ्या. मोठा आवाज माणसाला नेहमी चांगला वाटतो, अर्ध्या-एक डेसिबलचा फरकसुद्धा "जास्त जिवंत" वाटायला पुरतो, म्हणून लेव्हल सारखी करणं ही पहिली पायरी. फोनवर साउंड मीटरचं ॲप घ्या, पिंक नॉइज (सगळे सूर एकत्र असलेला एकसारखा सळसळाट) लावा, फोन बसायच्या जागी एका स्टुलावर ठेवून हलवू नका, आणि एक जोडी ७५ डेसिबल दाखवेल इतका आवाज करा. दुसरी त्याच खुणेवर वेगळं दाखवणार. फोनचा आकडा खरा नसला तरी चालतं, आपल्याला फक्त फरक हवाय. फरक समजा ५ डेसिबल आला, तर ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या प्रोग्रॅममध्ये गाण्याची एक कॉपी ५ डेसिबलने कमी करून ठेवा आणि जास्त वाजणाऱ्या जोडीवर ती वाजवा. ॲम्पला स्पीकर ए-बी असा खटका असेल तर मग नुसता खटका दाबायचा आणि कॉपी बदलायची, नॉब फिरवायला लागत नाही.

दुसरं, आधी मोनोमध्ये ऐका, दोन्ही जोड्यांतला एकेकच स्पीकर शेजारी शेजारी. स्टिरिओ पसरला की खोट लपते. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या आवाजाच्या संशोधकांनी १९९४ मध्ये दाखवलं होतं की स्पीकर दिसत असताना लोक देतात ते गुण आणि पडद्यामागे देतात ते गुण वेगळे निघतात, आकार, नाव, किंमत बघून कान फसतो. म्हणून पडदा लावा. घरातलं पातळ नऊवारी लुगडं दोरीवर टाकलं तरी होतं, फक्त जाड बेडशीट नको, ती ट्रेबल खाते. खटका घरातल्या कुणालातरी दाबायला सांगा आणि तुम्ही वहीत "पहिला", "दुसरा" एवढंच लिहा.

जागा पण ज्याची त्याला द्या. मागे पोर्टचं भोक असलेला नवा स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे. बंद खोक्याचा जुना भिंतीजवळ, कारण तो शेल्फवर ठेवायलाच बनवलेला असतो. हे खोके बंद का, तर १९५४ मध्ये एडगर व्हिल्चरने अकूस्टिक रिसर्चच्या एआर-१ मध्ये आतल्या हवेलाच स्प्रिंग म्हणून वापरलं, त्याआधी खोल बेस हवा तर कपाटाएवढा खोका लागायचा. त्यात आवाज कमी निघायचा म्हणजे वॉट जास्त लागायचे. लहान खोका, खोल बेस आणि थोड्या वॉटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींतलं दोनच मिळतं, याला हॉफमनचा नियम म्हणतात, केएलएच कंपनीच्या नावातला तो एच. आज मिळणारी कुठलीही जोडी बघा, याच्या बाहेर कुणी नाही.

काय वाजवायचं

ऑडिओवाल्यांच्या ठरलेल्या डेमो ट्रॅकवर मी निर्णय घेत नाही. जो आवाज मी समोर बसून शेकडो वेळा ऐकलाय तोच लावते, आणि गोव्यात तो म्हणजे घुमट. चवथीला घरात आरती चालू असताना आठ-दहा फुटांवर चांगला रेकॉर्डर ठेवून दहा मिनिटं रेकॉर्ड करा, घुमट, शामेळ (एक चर्मवाद्य), कासाळें (झांजा) आणि माणसांचे आवाज. घुमट म्हणजे मातीचं मडकं, एका तोंडाला कातडं, दुसऱ्या तोंडावर हाताचा पंजा उघड-मीट करून सूर वरखाली नेतात. त्या एका वाद्यात स्पीकरची सगळी परीक्षा आहे: कातड्यावरची थाप ही मिड आणि ट्वीटरची, मडक्यातला घुमारा वूफरचा, आणि दोन्ही एकाच ठिकाणाहून आल्यासारखे वाटले पाहिजेत. थाप एकीकडे आणि घुमारा दुसरीकडे, उशिराने, असं वाटलं तर क्रॉसओव्हर जमलेला नाही. कासाळ्यांचा आवाज झणझणीत पण कानाला न टोचणारा हवा.

माझ्या ऐकण्यात असं आलंय की घुमाऱ्यात मोठा जुना वूफर जिंकतो, सहज, काही जोर न लावता. याचं एक कारण पुढची रुंद फळीसुद्धा आहे. ४० सेंटीमीटर रुंदीच्या फळीवरून आवाज साधारण २९० हर्ट्झच्या खाली मागे वळायला लागतो, १८ सेंटीमीटरच्या नव्या बुकशेल्फवर ते ६४० पासूनच सुरू होतं, आणि ते भरून काढायला सेन्सिटिव्हिटी खर्च होते. पण थाप, कासाळीं आणि चार माणसांचे वेगवेगळे आवाज यात नवी जोडी पुढे असते. खुर्चीवरून उठून बाजूला जाऊन बसा, बरेच जुने स्पीकर तिथे बंद पेटीसारखे होतात, कारण दहा-बारा इंची वूफर वरपर्यंत वाजवला की तो आवाज समोरच फेकतो, बाजूला पसरवत नाही. आजचे चांगले डिझाइनर बाजूचा आवाजही मोजून सारखा करतात. सोप्यात पाच-सहा माणसं पसरून बसणार असतील तर हे फार महत्त्वाचं.

मग नुसता एक गाता गळा, तानपुरा आणि हार्मोनियम. "स" आणि "श" मध्ये शिटी येते का, हार्मोनियमच्या वरच्या सप्तकात कर्कशपणा येतो का. आणि जुनं मोनो रेकॉर्डिंग जरूर लावा. केरीच्या गायिका केसरबाई केरकरांचा आवाज १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांच्या तबकडीवर अंतराळात गेला, पण आपल्याकडे केसरबाईंच्या काळच्या तबकड्यांत खरखर भरपूर. नव्या जोडीवर ती खरखर आवाजापासून सुटी होऊन पुढे येते, जुन्या मऊ ट्वीटरवर गळ्याच्या मागे राहते. तुमचं ऐकणं ७० टक्के असंच असेल तर जुन्याचा हा गुण खरा आहे, त्याला कुणी दोष म्हणालं तरी.

घेतलीच जुनी, तर

एक गोष्ट बदला, ऐका, मग दुसरी. आधी टर्मिनल आणि खटके साफ, ते जवळजवळ फुकट आहे. मग सराउंड. रीफोम करताना डस्ट कॅप, म्हणजे कोनाच्या मधली टोपी, कापून कॉइलच्या फटीत पातळ पट्ट्या घालून ती मध्यावर धरतात आणि गोंद वाळल्यावर पट्ट्या काढतात, कारागीर हे न करता नुसता फोम चिकटवणार असेल तर देऊ नका. आपल्याकडे लग्न-जत्रांचे स्पीकर बांधणारे कारागीर आहेत, हात चांगला असतो, पण त्यांना सवय कडक सराउंडची, घरच्या वूफरला मूळ मापाचा मऊच हवा असं स्पष्ट सांगा आणि किट ताजं घ्या कारण किटमधला फोमसुद्धा पडून सडतो.

कपॅसिटर शेवटी. इलेक्ट्रोलिटिक असेल तर वाळून त्याचा रेझिस्टन्स वाढलेला असतो आणि ट्वीटर दबतो. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त, आणि बायपोलर, साधा प्लस-मायनसवाला नाही. दोन्ही स्पीकरांत एकाच वेळी. काढलेले जुने भाग पिशवीत घालून खोक्यातच ठेवा. फिल्मचे कपॅसिटर असतील तर हात लावू नका, ते सहसा बिघडत नाहीत, नुसते महागडे घालून आवाज सुधारेल ही आशा मी सोडली.

मग कुणी काय घ्यावं

छोटा फ्लॅट, दुरुस्तीचा कंटाळा, टीव्हीपण त्यावरच बघायचाय: नवी जोडी, विचार करू नका. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहत असाल तरीही नवी, आणि तीसुद्धा रबर सराउंडची. मोठी खोली, घरात चांगला जुना ॲम्प, जुनं शास्त्रीय आणि नाट्यसंगीत भरपूर, आणि जोडी कापडी किंवा रबर सराउंडची, नळीच्या परीक्षेत पास: जुनी घ्या, त्या पैशात तेवढा मोठा आवाज नव्यात मिळत नाही. फोमवाली जुनी जोडी फक्त ओळखीचा कारागीर असेल तरच. स्वस्त पडेल म्हणून न ऐकता, फोटोवरून, बाहेरून मागवलेली जुनी जोडी कुणीच घेऊ नये, वाटेत आपटून मॅग्नेट सरकलं तर ते निस्तरता येत नाही.

जी कुठली येईल ती पावसाळ्यात रोज अर्धा तास तरी वाजवा. भिंतीपासून चार बोटं लांब, जमिनीवर नाही, आणि महिनाभर घर बंद ठेवून जाणार असाल तर स्पीकर कपाटात घालून सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा, आधी त्या कढईत मंद आचेवर कोरड्या करून घ्या. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका, आत कोंडलेल्या ओलीने बुरशी येते. माझी ती फोम सडलेली जोडी रीफोम करून अजून सोप्यात आहे, आता दर मे महिन्यात ग्रिल काढून टॉर्च मारते.